चाळींचे टेकू : दुरुस्ती उपकराची पार्श्वभूमी

मुंबई शहरातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारतींना मालमत्ता कराबरोबर आणखी एक रक्कम भरावी लागते. तिचे नाव दुरुस्ती उपकर. मालक ती महापालिकेकडे भरतो आणि भाडेकरूंकडून वसूल करतो. हा उपकर आणि सरकारी अनुदान यांवर मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाने या इमारतींची दुरुस्ती करायची, अशी व्यवस्था आहे. म्हणूनच त्यांना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, एखादी इमारत पडते, चार दिवस आरडाओरड होते आणि विषय मिटतो. या गदारोळात मूळ गोष्ट मागे पडते. कमी उत्पन्नाच्या माणसाचे राहते घर उभे ठेवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे या राज्याने १९६९ मध्ये कायदा करून मान्य केले होते. त्या मान्यतेचे पुढे काय झाले, ते नीट पाहायला हवे.

सुरुवात भाड्यापासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये भाडेवाढ रोखणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तेच घडले. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेला मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरवले. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेला कामगार, गिरगावातला कारकून, गोदीतला हमाल या शहरात टिकला तो या कायद्यामुळे. हा कायदा झाला नसता तर लालबाग-परळचा मराठी कामगारवर्ग पन्नाशीच्या दशकातच शहराबाहेर फेकला गेला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण भाडे गोठले तरी सिमेंट, सागवान आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. यातल्या बऱ्याच इमारती लाकडी सांगाड्याच्या किंवा भारवाही भिंतींच्या. वर मंगलोरी कौले, मजल्यामजल्याला लाकडी तुळया, टोकाला सामाईक संडास आणि मोरी. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी लोखंड गंजते, आणि संडासाच्या बाजूची गळती तुळईच्या टोकात मुरली की ती आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. हे दुखणे वेळेवर पाहिले तर थोडक्यात निभावते. गळका पाइप बदलायचा, तुळईचे टोक कापून लोखंडी आधार द्यायचा, गच्चीला नवा थर द्यायचा. दहा-पंधरा वर्षे कोणी हात लावला नाही, की मग पूर्ण जिनाच उतरवावा लागतो.

तो हात कोण लावणार? कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली होती. मालकाने ती केली नाही तर भाडेकरूने त्याला नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय होती. मात्र वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. महिना वीस रुपये भाडे असलेल्या खोलीचा हिशेब मांडून पाहा. वर्षाचे भाडे २४० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ६० रुपये. एवढ्यात एक पत्रासुद्धा बदलत नाही. १९९९ च्या नव्या भाडे कायद्यातही ही तरतूद तशीच राहिली. मालकांची बाजूही खोटी नव्हती. दहा-वीस खोल्यांच्या भाड्यात जिना दुरुस्त होत नाही हे साधे गणित आहे. त्या दोन अडलेल्या माणसांच्या मध्ये इमारत मात्र खचत राहिली.

साठच्या दशकात पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे प्रकार वाढले. सरकारने नेमलेल्या बेडेकर समितीने हा प्रश्न तपासला, आणि त्यातून १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींची वयानुसार वर्गवारी झाली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तिथून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. ‘अ’ मध्ये १६,५०२, ‘ब’ मध्ये १,४८९ आणि ‘क’ मध्ये १,६५१, अशा एकूण १९,६४२ इमारती आल्या. उपकराचा दरही वर्गाप्रमाणे वेगळा. उपकर आकारण्यालाच आव्हान दिले गेले, पण १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७७ च्या डिसेंबरमध्ये म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, स्थापन झाली आणि मंडळाचे काम तिच्याकडे गेले.

या कायद्याचे मोठेपण मला त्याच्या साधेपणात दिसते. शहरातल्या सगळ्या जुन्या इमारतींनी थोडेथोडे भरायचे, त्यात सरकार आणि महापालिकेने भर घालायची, आणि ज्या इमारतीची गरज सर्वांत निकडीची तिच्यावर आधी खर्च करायचा. भाडेकरूने कोणाच्या दारात हात पसरायचा नाही, उत्पन्नाचा दाखला जोडायचा नाही. कागदावर तरी ती हक्काची दुरुस्ती होती.

अडचण होती ती मर्यादेची. मंडळ इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती करते. खोलीतले प्लास्टर, वायरिंग, फरशी, खिडकी हे ज्याचे त्याने पाहायचे. शिवाय ढाच्यावरही किती खर्च करायचा याला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा. खर्च तिच्या पलीकडे जात असेल तर वरचे पैसे भाडेकरूंनी भरायचे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरणार. ही मर्यादा अधूनमधून वाढली, पण बाजारभाव तिच्या कायम पुढे राहिले. म्हणून एका इमारतीत अर्धीच कामे व्हायची, बाकीची पुढच्या वेळी. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षे काढले गेले नाहीत. भाडेकरूंनी आमदार निधीसाठी खेटे घातले, ज्याचा आमदाराशी वशिला त्याचा जिना आधी झाला. हक्काच्या गोष्टीत मेहेरबानी शिरली ती इथून. आणि मंडळ आहे म्हटल्यावर बहुतेक मालकांनी रंगसफेदीतूनही अंग काढून घेतले.

त्यात १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि बहुतेकांचा तो पुन्हा कधी सुरू झालाच नाही. वरच्या खर्चाचा हिस्सा भरणारी घरेच आता बिगारी आणि खाणावळीच्या डब्यांवर चालू लागली. १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटींचे अनुदान जाहीर केले. धारावीबरोबरच जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीलाही त्यातला वाटा मिळाला. पुढच्याच वर्षी कायद्यात एक वेगळे प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारने मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत संपादित करावी, अशी ती तरतूद. मालकांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले, आणि तो वाद पुढे जवळजवळ चार दशके चालला.

खरा बदल मात्र १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि १९९९ मधल्या तिच्या दुरुस्तीने घडवला. नियम ३३(७) खाली जुनी इमारत पाडून बांधणाऱ्या विकासकाला जास्तीचा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने जास्त बांधकामाची परवानगी, मिळू लागला. भाडेकरूला त्याच जागी किमान २२५ चौरस फुटांचे घर, नंतर ३००, तेही फुकट. ऐकायला फार चांगले, आणि अनेक कुटुंबांचे त्यात भलेही झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण तेव्हापासून दुरुस्तीकडे कोणी गंभीरपणे पाहिनासे झाले. इमारत टिकवण्यात कोणाला नफा नव्हता. पाडण्यात होता. आज ना उद्या बिल्डर येणार आहे, मग जिन्यावर पैसे कशाला घालायचे, हा विचार मालक, भाडेकरू आणि अधिकारी तिघांच्याही डोक्यात बसला. मोठ्या रस्त्यावरच्या, मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना बिल्डर मिळाले. गल्लीतल्या चिंचोळ्या भूखंडावरच्या इमारतींना मिळाले नाहीत. त्या वाट पाहतच म्हाताऱ्या झाल्या, आणि त्यांतल्या कित्येकांचे रहिवासी संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, गेले ते तिथेच राहिले. त्या पत्त्यावर मुले मोठी झाली, लग्ने झाली, आणि कायमचे घर मिळण्यासाठी नाव बृहत्सूचीत, म्हणजे अशा रहिवाशांच्या म्हाडाच्या यादीत, लागायची वाट अजून चालू आहे.

विजेच्या बिलाचा धागाही याच गोष्टीत गुंतला आहे. चाळीत सामाईक खर्च म्हणजे जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप. बावीस मजली टॉवरमध्ये गेलेल्या त्याच कुटुंबाला लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक यांचा देखभाल खर्च दर महिन्याला येतो. विकासकाने देखभालीसाठी ठेवायच्या ठेवीच्या, म्हणजे कॉर्पस निधीच्या, व्याजात तो भागेल अशी अपेक्षा असते. व्याजदर उतरले की भागत नाही. घर फुकट मिळाले आणि महिन्याचा खर्च पेलेना म्हणून ते भाड्याने देऊन विरार-बदलापूरला गेलेली कुटुंबे या भागात कमी नाहीत.

बिलासाठी सरकारी मदत नाही असे नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एका दिव्याची जोडणी देणारी कुटीर ज्योती योजना १९८८-८९ मध्ये आली, २०१७ मध्ये घरोघरी वीजजोडणी देणारी सौभाग्य योजना आली. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांना स्वतंत्र स्वस्त दर आहे, पण तो महिन्याला ३० युनिटपर्यंतच्या वापराला. ७५ वॉटचा एक पंखा रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट तोच खातो. मुंबईच्या मे महिन्यात, पत्र्याखाली किंवा कौलाखाली, आजारी म्हातारे माणूस घरात असताना पंखा दहा तासांवर थांबवायचा कसा? जोडणी देण्यावर आपल्या योजनांनी भर दिला. नंतरचे बिल कसे भरायचे, हा विचार अगदी तोकडा राहिला.

न्यायालयांनी या काळात दोन महत्त्वाचे निकाल दिले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की १९४० च्या पातळीवर गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक झाले आहे. कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून तो रद्द केला नाही. त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. मूळ भाडेच इतके कमी, की चार टक्क्यांनी दुरुस्तीचा प्रश्न तसूभरही हलला नाही. दुसरा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ चा. मालकांच्या त्या जुन्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेतल्या अर्थाने ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटायची संपत्ती, मानता येत नाही.

दरम्यान राज्याने कायद्यात ७९अ हे कलम घातले. इमारत धोकादायक ठरली की आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि दोघांनीही प्रस्ताव दिला नाही तर म्हाडाने ताबा घेऊन पुनर्विकास करायचा. राष्ट्रपतींची मंजुरी २०२२ च्या अखेरीस मिळाली. या कलमाखाली काढलेल्या ९३५ नोटिसांना मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्थगिती दिली. इमारत धोकादायक ठरवण्याचा अधिकार नोटीस काढणाऱ्या अभियंत्यांना होता का, हाच मुद्दा होता. इथेही सगळा भर पाडून बांधण्यावर आहे. दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा बाजारभावाशी जोडा, हे कायद्यातल्या इतक्या बदलांत कोणी का लिहिले नाही?

भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ ला हुसैनी इमारत पडून ३३ माणसे गेली. तिच्या पुनर्विकासाची योजना मंजूर होती. डोंगरीत १६ जुलै २०१९ ला आणखी एक इमारत पडली, आणि बरोबर वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमध्ये भानुशाली इमारत. मंडळाच्या अतिधोकादायक यादीत २०२४ मध्ये २० इमारती होत्या, २०२५ मध्ये ९६. त्या वर्षी घर सोडणाऱ्यांना महिना २० हजार रुपये भाडे देण्याचे म्हाडाने ठरवले, ही चांगली गोष्ट आहे. एवढी रक्कम काही वर्षे आधी त्याच इमारतींच्या गळतीवर खर्च झाली असती तर कितीजणांना घर सोडावेच लागले नसते.

आणि हे सारे त्या शहरापुरते, जिथे निदान उपकर आहे, मंडळ आहे, दाद मागायला कार्यालय आहे. माहीम-शीव ओलांडले की १९६९ चा कायदा संपतो. भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत पडली, किमान ३८ जण गेले. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत जून २०२२ मध्ये पडली, १९ जण गेले. तिथल्या रहिवाशांना धोकादायक इमारतीची नोटीस मिळते, मग पाणी आणि वीज तोडली जाते. दुरुस्तीसाठी पैसे देणारी यंत्रणा तिथे नाही. ठाणे, भिवंडी, उल्हासनगर आणि मुंबईची उपनगरे यांना सामावून घेणारा, सर्वांनी थोडे भरून निकडीच्या इमारतीवर खर्च करणारा तसाच एक उपकर आणता येईल. कायद्याचा साचा पन्नासहून अधिक वर्षे आपल्याकडे तयार आहे, आणि त्यात काय चुकले हेही आपल्याला ठाऊक आहे.