गुणांच्या हव्यासातून सुटलेलं कोडं

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडली तरच पेशीत तिचा उपयोग. दुमडण्याच्या शक्यता मात्र इतक्या, की एकेक तपासत बसलं तर विश्वाचं वयही पुरणार नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांच्या गटाने हे काम स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर वाटून दिलं होतं. पडद्यावर प्रथिन वळताना दिसायचं. बघणाऱ्यांपैकी काहींना राहवेना. संगणक भलतीकडेच चाललाय, आम्हाला हात लावू द्या, असं ते कळवू लागले.

त्यातून २००८ साली ‘फोल्डइट’ हा ऑनलाइन गेम आला. साखळी ओढायची, वळवायची, मोकळ्या फटी बुजवायच्या आणि गुण मिळवायचे. खरी करामत या गुणांत आहे. रचनेची ऊर्जा जितकी कमी, तितके गुण जास्त, आणि निसर्गातही प्रथिन साधारणपणे कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीतच स्थिरावतं. त्यामुळे जीवरसायनशास्त्राचा गंधही नसलेला माणूस निव्वळ पहिल्या नंबरासाठी झटला, तरी तो योग्य दिशेनेच सरकतो.

२०११ मध्ये याचा गाजलेला दाखला मिळाला. माकडांमधल्या मेसन-फायझर विषाणूच्या एका विकराची (एन्झाइमची) रचना दहा वर्षांहून जास्त काळ अडून राहिली होती. खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचं इतकं चांगलं प्रारूप बनवलं, की त्याच्या आधारे क्ष-किरणांच्या नोंदींतून संशोधकांना पूर्ण रचना काढता आली.

खेळाडूंना असं काय जमलं? तेव्हाचे प्रोग्राम जवळच सापडलेल्या बऱ्यापैकी उत्तरावरच अडकून बसत. माणूस गुण घसरले तरी चालतील म्हणून अख्खी घडी उलगडतो आणि नव्याने घालतो. खेळाडू आपल्या क्लृप्त्या ‘रेसिपी’ म्हणून एकमेकांना देत, सुधारत. त्यांतली एक रेसिपी बेकर यांच्या प्रयोगशाळेत तयार होत असलेल्या, तोवर अप्रकाशित असलेल्या पद्धतीशी कमालीची जुळली. मला तर विकराच्या यशापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

पण खेळाडूंच्या प्रतिभेचे गोडवे गाताना जरा जपून. ‘क्वांटम मूव्हज’ या गेममधले खेळाडू अणू हलवण्याच्या कोड्यात संगणकाला हरवतात, असा शोधनिबंध २०१६ मध्ये ‘नेचर’ने छापला होता. तो २०२० मध्ये मागे घ्यावा लागला. गणनेत चूक होती, आणि साधा अल्गोरिदमही खेळाडूंना भारी पडतो हेही दिसून आलं होतं. शिवाय जगातले बरेच मोठे प्रश्न गेमच्या साच्यात बसतच नाहीत. टंचाईच्या काळात पाणी आधी कोणाला द्यायचं, याला ऊर्जेसारखं मोजमाप कुठून आणणार?

प्रथिनांची रचना ओळखण्यात आता ‘अल्फाफोल्ड’सारखी कृत्रिम बुद्धिमत्ता खूप पुढे गेली आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्या दोन निर्मात्यांना आणि नवी प्रथिनं आखण्यासाठी (डिझाइनसाठी) बेकर यांना मिळालं. फोल्डइटचे खेळाडूही निसर्गात नसलेली प्रथिनं घडवण्याकडे वळले होते. २०१९ मध्ये त्यांची १४६ प्रथिनं प्रयोगशाळेत तपासली, त्यांपैकी ५६ स्थिर निघाली.

आणखी एक बदल झालाय. विज्ञानाच्या गेमकडे लोकांना बोलवावं लागतं आणि फार थोडे येतात. म्हणून २०२० मध्ये संशोधकांनी ‘बॉर्डरलँड्स ३’ या गोळीबाराच्या गेममध्येच एक छोटं कोडं घुसवलं. रंगीत ठोकळे वरखाली सरकवून रांगा जुळवायच्या. ते ठोकळे म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या डीएनएची अक्षरं, आणि जुळणीतून कोणता जिवाणू कोणाच्या जवळचा हे कळतं. ४० लाखांहून अधिक खेळाडूंनी साडेतेरा कोटींवर कोडी सोडवली. त्या बदल्यात त्यांना मिळालं ते गेममधलंच आभासी चलन.