टर्कीसाठी चोक घेताय? आधी काडतूस ठरवा

मार्च संपत आला की टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या मराठी मंडळींचे आमच्या दुकानात फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "तुमच्याकडचा सगळ्यात टाइट चोक द्या." द्यायला आमची काही ना नाही, पण तोच चोक मेमध्ये बदलून मागणारेही बरेच असतात, म्हणून हा कागद काढलाय. एकदा नीट वाचा, मग पाकीट काढा.

आधी बेसिक. १२ गेज (आपली १२ बोअरच ती) नळीचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच असतो, चोक म्हणजे तोंडाशी आट्यांनी बसवायची छोटी नळी, ती हा व्यास थोडा कमी करते आणि त्यामुळे छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. चोकचे प्रकार असे: इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे जेमतेम ०.०१० इंच आवळ (व्यासात तेवढी घट), मॉडिफाइड ०.०२०, फुल ०.०३५ ते ०.०४०, आणि टर्कीचे म्हणून जे मिळतात ते त्याच्याही पुढे, ०.०५०, ०.०६० वगैरे. एवढं आवळायचं कारण म्हणजे टर्कीच्या अंगावर नेम धरायचाच नसतो. वीस पौंडाचा नर, वर पिसांचा जाड थर, छातीवर मारलात तर पक्षी जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी झाडीत मरतो, तुमच्या हाती काही लागत नाही. नेम डोकं आणि मान यांच्यावर, आणि ते एवढंसं बारीक, सतत इकडून तिकडे हलणारं.

आता मुद्दा. चोक एकट्याने काही करत नाही, तुमची बंदूक, तुमचं काडतूस आणि चोक अशी तिघांची जोडी जमावी लागते. म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो की काडतूस कुठलं वापरणार. शिशाचे नंबर ५ किंवा ६ चे छर्रे असतील (नंबर जेवढा मोठा तेवढा छर्रा बारीक, यात नवीन माणूस हमखास गोंधळतो) तर १२ गेजला तोंडाशी ०.६६० ते ०.६७० च्या आसपासचा चोक बहुतेक बंदुकांत चांगला चालतो. नंबर ४ शिसं फार आवळलं की छर्रे दबून वेडेवाकडे होतात आणि पॅटर्न (कागदावर छर्रे पडतात तो ठसा) फाटतो, मधेच भोकं पडतात, तिथे जरा सैल चोकच जास्त चांगला निघतो. टंगस्टनची टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) काडतुसं घेणार असाल तर गोष्ट वेगळी, त्याची घनता शिशाच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे नंबर ९ सारखा बारीक छर्राही लांबवर जोर ठेवतो आणि एका औंसात शिशाच्या नंबर ६ पेक्षा कितीतरी जास्त दाणे बसतात. २० गेज आणि .४१० अशा बारीक नळीच्या बंदुका घेऊन लोक टर्कीला जायला लागले ते यामुळेच. भाव मात्र शिशाच्या कितीतरी पट, आणि आमचं स्पष्ट मत असं की तीस यार्डांच्या आत मारणाऱ्याला त्याची गरज नाही.

चोकवरचा आकडा बघताना नळीचा आकडाही बघा, कारण आवळ म्हणजे या दोघांतला फरक. मॉसबर्ग ८३५ या बंदुकीची नळी मुळातच मोठी, ०.७७५ च्या आसपास, त्यामुळे त्यात ०.६९५ चा चोक ऐकायला सैल वाटला तरी प्रत्यक्षात भलताच टाइट आहे. मित्राच्या चोकवरचा आकडा पाठ करून आपल्या बंदुकीसाठी ऑर्डर देऊ नका, एवढंच सांगणं.

टाइट चोकची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. चाळीस यार्डांवर सुंदर पॅटर्न देणारा चोक पंधरा यार्डांवर सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेत टाकतो, आणि टर्कीसारखा आवाज काढून बोलावल्यावर ती कधीकधी तेवढी जवळ येतेच, तेव्हा नेम दोन-तीन इंच चुकला की झालं, पूर्ण मिस. दाट झाडीत बसणाऱ्यांना आम्ही साधा फॅक्टरीचा फुल चोक देतो, बाजूला भोकं असलेला महागडा नाही. भोकांमुळे आवाज वाढतो हे नक्की, धक्का कमी होतो म्हणतात तो कितपत जाणवेल ते तुमच्या खांद्याला विचारा.

टेस्ट करायचीच. तीन फुटी मोठा कागद लावा, मधे ठिपका, चाळीस यार्ड मोजून घ्या (पावलं टाकून नको, टेपने किंवा रेंजफाइंडरने), बंदूक टेकवून बसा आणि एक गोळी झाडा. मग छर्रे जिथे सगळ्यात दाट पडलेत तिथे दहा इंचाचं वर्तुळ काढा आणि पेनाने एकेक भोकावर टिक करत मोजा, नाहीतर शंभरीत गोंधळ होतो. शंभर किंवा जास्त आले की पास, हा इथल्या शिकाऱ्यांचा जुना हिशोब. कमी आले तर पस्तीसवर या, तिथेही नाही जमलं तर तीस, आणि जिथे जमलं तिथेच तुमची हद्द, नर टर्की त्याच्या पलीकडे कितीही ऐटीत पिसारा फुलवून उभा असला तरी. अजून एक बघा, वर्तुळ ठिपक्याभोवती पडलंय का. बऱ्याच बंदुका चार-सहा इंच वर किंवा बाजूला मारतात, तसं असेल तर चोक बदलून फायदा नाही, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) किंवा मागची साइट बसवून घ्या. प्रत्येक चोकला दोन-तीन तरी कागद लावा, एका गोळीवरून काही कळत नाही.

आटे जुळणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक कंपनीच्या चोकचे आटे वेगळे असू शकतात: विन्चोक, मॉसबर्ग ५०० चा अ‍ॅक्यूचोक आणि ब्राउनिंगचा जुना इन्व्हेक्टर यांचे आटे सारखे, पण इन्व्हेक्टर प्लस वेगळा, रेमचोक वेगळा, बेरेटाचा मोबिल वेगळा आणि ऑप्टिमा त्याहून वेगळा. चोक बोटांनी सहज शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पाना लावून जबरदस्ती करायची नाही. सैल राहिला तर नळीचं तोंड फाटू शकतं, त्यामुळे दर थोड्या गोळ्यांनी घट्ट आहे ना ते बघा, अर्थात बंदूक रिकामी करून. आट्यांना थोडं अँटी-सीझ ग्रीस लावा. काडतुसातल्या वॅडचं (छर्रे धरून ठेवणाऱ्या कपाचं) प्लास्टिक आत चिकटून बसतं, ते ब्रशने काढत चला. आणि स्टीलचे छर्रे टर्की चोकमधून नको, चोकवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

आता थोडं कायद्याचं. चोक विकत घ्यायला कागद लागत नाहीत, पण बंदूक आणि काडतुसांचं तसं नाही. एच-वन-बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने दोन्ही बाळगायला बंदी आहे, चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, म्हणून लायसन्स आधी. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. छर्रा किती मोठा चालतो, शिकार किती वाजेपर्यंत, हे राज्यागणिक बदलतं, त्या वर्षीचं नियमपुस्तक बघा. आणि जंगलात लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमालसुद्धा नाही, नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि तुमच्यासारखाच दुसरा कोणीतरी पलीकडे बसलेला असतो.

दुकानात येताना बंदूक रिकामी, अ‍ॅक्शन (काडतूस आत जातं तो भाग) उघडी, केसमध्ये. आणायची नसेल तर नळीवर कोरलेल्या अक्षरांचा आणि सध्याच्या चोकच्या कडेवरच्या खाचांचा फोटो पाठवा (बहुतेक ब्रँडमध्ये एक खाच म्हणजे फुल, खाचा वाढल्या की सैल), मॉडेल आम्ही ओळखतो. आटे जुळले नाहीत तर चोक बदलून देऊ, फक्त त्यातून गोळी झाडलेली नसावी.