चौकटपट्टी

दार-खिडकीची चौकट आणि भिंतीचा गिलावा यांमधील सांधा बाहेरून झाकणारी लाकडी, दगडी किंवा सिमेंटची पट्टी. सुतार तिला नुसते ‘पट्टी’ किंवा ‘मोल्डिंग’ म्हणतात. ‘चौकट’ हा शब्द सं. ‘चतुष्काष्ठ’ (चार लाकडे) यावरून आला असावा.

पट्टीचा उगम मंदिरांच्या द्वारशाखांत (दाराच्या बाजूंच्या कोरीव उभ्या पट्ट्यांत) शोधण्याचा मोह होतो. सोलापूर परिसरात त्याला निमित्तही आहे : दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथील चालुक्यकालीन मानले जाणारे संगमेश्वर मंदिर. त्याच्या तुळईवरील शके 940 (इ. स. 1018) चा मराठी लेख प्रसिद्ध आहे. शिल्पग्रंथांत खालचा उदुंबर (उंबरा), वरचे उत्तरांग (दारावरची आडवी शिळा) आणि दोन्ही बाजूंच्या तीन, पाच, सात वा नऊ शाखा असा क्रम सांगितला आहे. मात्र शाखा मुळात चौकटीच्याच दगडात कोरलेल्या असतात. तेथे झाकायला फट नसते. म्हणून पट्टीचे रूप मंदिरावरून आणि काम वाड्यांच्या सुतारकीतून आले, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. गणेशपट्टी वेगळी, ती चौकटीचाच वरचा भाग होय.

लाकूड आणि गिलावा एकसारखे आकसत नाहीत. सोलापुरात मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, त्यामुळे ही फट हमखास दिसते. गिलावा पूर्ण वाळल्यावर ओळंब्यात उभ्या पट्ट्या बसवून त्यांच्यावर आडवी टेकवतात. पंचेचाळीस अंशांत कापलेला कोपरा देखणा खरा, पण उन्हाळ्यात उघडतो. मागची बाजू आणि कापलेली टोके आधी रंगवावी लागतात. उभी पट्टी ओट्यापासून बोटभर वर ठेवतात. नाहीतर टोक पाणी पिऊन कुजते. आडवीच्या माथ्याला बाहेर उतार असतो. वरचा व बाजूचा सांधा भरतात, खालचा मोकळा सोडतात, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडते. सागवानात आधी भोक पाडून मगच खिळा मारतात.

काळ्या मातीवरील घरांत पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. पट्टी ती झाकते, बरी करत नाही.

अलीकडे शहाबादी फरशी आणि ग्रॅनाइटच्या पट्ट्याही लावतात. लाकडी पट्टी बहुधा मधोमध चिरते, कारण दसऱ्या-पाडव्याच्या तोरणाचा खिळा दरवर्षी तिथेच ठोकला जातो.