दुधाचा रंग लाकडाला का धरतो?

जुन्या लाकडी फर्निचरला दुधाचा रंग, म्हणजे दुधापासून बनवलेला रंग (मिल्क पेंट), देण्याची हौस पुन्हा वाढली आहे. तिच्याबरोबर एक समजूतही पसरली आहे, की दुधात रंगाची पूड कालवून ब्रश फिरवला म्हणजे झालं. असा रंग वाळल्यावर ओल्या फडक्याने सहज पुसला जातो. दुधाच्या रंगात खरं काम करतं ते दुधातलं केसीन हे प्रथिन, आणि त्याला कामाला लावतो चुना.

लिटरभर गाईच्या दुधात केसीन साधारण २५ ते २८ ग्रॅम असतं. हजारो रेणूंचे गोळे होऊन ते पाण्यात तरंगत असतं. एकेक गोळा मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाएवढा. गोळ्यांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना लांब ठेवतात. दुधात आम्ल घालून सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) ४.६ पर्यंत उतरवला, की ऋण आणि धन भार बरोबरीत येतात. ढकलणारं काही उरत नाही, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं.

फाटलेल्या दुधाचा हा चोथा पाण्यात कितीही ढवळला तरी विरघळत नाही. त्यात भिजवलेला चुना मिसळला, की दोन-चार मिनिटांत पांढरा रवाळपणा जाऊन भांड्यात मधासारखा दाट, किंचित पारदर्शक चिकट द्रव तयार होतो. चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू १२.४ च्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात केसीनच्या साखळीवरचे आम्लगट आणि फॉस्फेटगट सगळे ऋणभारित होतात. साखळ्या एकमेकींना ढकलतात, उलगडतात आणि मध्ये पाणी शिरतं.

आता खरी गंमत. चुन्यातल्या कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात, म्हणजे त्याला जणू दोन हात आहेत. एका हाताने तो एका साखळीचा ऋणभारित गट धरतो, दुसऱ्याने शेजारच्या साखळीचा. पाणी भरपूर असेपर्यंत साखळ्या लांब असतात, म्हणून ही पकड विरळ राहते. पाणी उडून साखळ्या जवळ आल्या, की असे असंख्य पूल बांधले जातात आणि थर पुन्हा पाण्यात विरघळेनासा होतो. चुन्याऐवजी टाकणखार घातला तरी केसीन छान विरघळतं, पण त्यातल्या सोडियमला हात एकच. पूल होत नाहीत आणि वाळलेला रंग ओलाव्याला कच्चा राहतो. शिवाय उरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी बनतो. या क्रियेला थोडा ओलावा लागतो. म्हणून कडक उन्हात किंवा पंख्याखाली घाईने वाळवलेला रंग बोटाला पुडीसारखा लागतो.

घरी करायचा तर साय पूर्ण काढलेलं दूधच घ्यावं, कारण स्निग्धांश चुन्याशी मिळून साबण बनवतो. लिटरभर दूध ४० अंशांपर्यंत कोमट करून ५ टक्क्यांचा व्हिनेगर थोडा थोडा ओतावा. १५० मिलीच्या आसपास, पाणी पिवळसर निवळ दिसेपर्यंत. चोथा मलमलीतून गाळून दोनदा धुवावा; आम्ल मागे राहिलं तर ते चुना खाऊन टाकतं. रेनेटने (चीज करताना दूध घट्ट करणाऱ्या विकराने) विरजलेला चोथा चालत नाही, तो चुन्यात नीट विरघळत नाही. पिळलेल्या चोथ्याचे ५ भाग आणि भिजवलेल्या चुन्याच्या दाट लगद्याचा १ भाग, मापाने. अर्धा तास ठेवून मिश्रणाएवढंच पाणी घालावं, पाण्यात घोटलेली रंगाची पूड मिसळावी आणि परत गाळावं. मिश्रण जोरात घुसळू नये, केसीनला फार फेस येतो. गेरू, पिवळी माती, अल्ट्रामरीन निळा हे रंग चुन्यात टिकतात. प्रशियन निळा मात्र विघटन होऊन तपकिरी पडतो. मिश्रण त्याच दिवशी संपवावं. अल्कलीत केसीनच्या साखळ्या हळूहळू तुटतात, आणि तुटक्या साखळ्या रंग धरून ठेवत नाहीत.

दुधाचा रंग ‘केमिकल-फ्री’ असतो, या दाव्यावर विसंबू नका. चुना हे रसायनच आहे आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा हवेतच. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासू नये.

लाकडाची तयारी कमी पडली तर पोपडे निघणारच. दुधाचा रंग उघड्या लाकडाच्या छिद्रांत शिरून तिथे घट्ट होतो. व्हार्निशवर त्याला शिरायला जागा नसते. वाळताना थर आकसतो आणि उचलला जातो. जुनं पॉलिश काढून १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर मारावा. मेणाचे डाग टर्पेंटाइनने पुसावेत. मग पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब मिनिटभरात पसरून जिरला तर लाकूड तयार आहे. मण्यासारखा उभा राहिला तर अजून घासायला हवं. ओक किंवा महोगनीसारख्या लाकडातलं टॅनिन वर येऊन तपकिरी डाग पडतात. तिथे आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा आणि रंगाच्या पहिल्या हातात पकडीसाठी थोडं ॲक्रिलिक इमल्शन मिसळावं, कारण लाखेवरही छिद्रं बंदच असतात.

पहिला हात पारदर्शक आणि डागाळ दिसतो. घाबरून जाड थर देऊ नये. दोन तासांनी दुसरा हात द्यावा. आठवडाभराने पांढरं ओलं फडकं हलकेच फिरवून बघावं. रंग उतरला तर पाण्याचा बारीक फवारा मारून आणखी काही दिवस थांबावं, म्हणजे उरलेला चुना पक्का होतो. त्यानंतरच जवसाचं उकळलेलं (‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळणारं) तेल लावावं. आधी लावलं तर तेलाच्या थरामुळे कार्बन डायऑक्साइड आत पोचत नाही. तेल पुसलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती मोकळ्यावर पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.