ब्रिटनमधले उंदीर, कबुतरं आणि करड्या खारी: विषाच्या आधी काय करायचं?

घरात उंदीर दिसला की आधी विष आठवतं. ब्रिटनमध्ये मात्र विषाचा भरवसा कमी होत चालला आहे, आणि त्याचं एक मोठं कारण उंदराच्याच अंगात आहे.

इथला मुख्य उपद्रवी म्हणजे मोठा तपकिरी उंदीर. त्याच्यासाठी वापरली जाणारी बहुतेक विषं रक्त गोठू देत नाहीत. रक्त गोठवणारी काही प्रथिनं बनवायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं. वापरून झालेलं के पुन्हा कामाला लावणारं एक एन्झाइम शरीरात असतं, त्यालाच ही विषं अडवतात. आधी तयार झालेली प्रथिनं संपेपर्यंत उंदराला काही जाणवत नाही. तो मरायला तीन ते दहा दिवस लागतात. हा उशीर उपयोगाचाच असतो, कारण खाल्ल्याबरोबर त्रास झाला तर उंदीर त्या खाण्याला पुन्हा तोंड लावत नाही.

वॉरफरिन हे यातलं जुनं विष. ते लागू न पडणारे उंदीर १९५८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडले. पुढे ब्रोमॅडिओलोन, डायफेनाकूम ही जास्त जहाल विषं आली, तर हॅम्पशर आणि बर्कशरच्या भागात त्यांनाही दाद न देणारे उंदीर निघाले. त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झालेला असतो. अशा भागात तेच विष महिनोन्‌महिने ठेवून दिलं की साधे उंदीर मरतात, प्रतिकार करणारे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. शिवाय विष पोटात घेऊन फिरणारे उंदीर आणि शेतातले छोटे प्राणी गव्हाणी घुबडाच्या तोंडी लागतात. ब्रिटनमध्ये तपासलेल्या मृत गव्हाणी घुबडांपैकी बहुतेकांच्या यकृतात या विषांचे अंश मिळतात. म्हणूनच इमारतींपासून दूर, मोकळ्या जागी ब्रोमॅडिओलोन आणि डायफेनाकूम वापरणं २०२४ च्या अखेरीस बंद झालं.

तेव्हा सुरुवात अन्न आणि वाटा तोडण्यापासून करावी. बागेत पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांचा खाली पडणारा सडा उंदरांना खेचतो. उरलेला भात, पोळीचे तुकडे पाखरांसाठी बाहेर टाकायची आपली सवय इथे महागात पडते. दाणे द्यायचेच असतील तर दिवसभरात संपतील एवढेच द्या, खाली ताट लावा आणि संध्याकाळी ते उचला. कंपोस्टच्या डब्यात शिजवलेलं अन्न नको. डब्याच्या तळाशी बारीक जाळी हवी.

मग भोकं. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराच्या पिल्लाला सुमारे १५ मिलिमीटरची. नुसता फोम भरला तर तो कुरतडला जातो. आत गंज न धरणारी तारेची जाळी दाबून बसवावी आणि वर सिमेंटचा माल भरावा. जुन्या घरांच्या भिंतीत जमिनीलगत हवेसाठी एअरब्रिक, म्हणजे भोकं असलेल्या विटा, असतात. त्या बुजवू नका. बुजवल्या तर लाकडी जमिनीखाली ओल धरते आणि तुळया कुजतात. त्यांच्यावर ६ मिलिमीटरची जाळी बसवली की काम होतं.

हे सगळं करूनही आत खुडबुड चालूच असेल तर संशय ड्रेनेजवर घ्यावा. व्हिक्टोरियन काळातल्या घरांखाली मातीचे पाइप आहेत. त्यांचे सांधे निखळतात, जुना संडास काढल्यावर त्याची वाट तशीच उघडी राहते, आणि उंदीर गटारातून थेट जमिनीखालच्या पोकळीत येतात. तिथे वर्षानुवर्षं विष ठेवण्यापेक्षा पाइपमध्ये कॅमेरा सोडून बघणं शहाणपणाचं. तुटका पाइप दुरुस्त करावा, निकामी वाट बंद करावी, आणि चेंबरमध्ये एकाच बाजूने उघडणारी धातूची झडप बसवावी.

सापळा लावताना लोक घाई करतात. तपकिरी उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून सापळे आमिषासकट, पण खटका न चढवता, काही दिवस ठेवा. आमिष खाल्लं जायला लागलं की एकाच रात्री बरेच सापळे चढवा. सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला लागून, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. बाहेर असेल तर तो पेटीत झाका, नाहीतर हेजहॉग, म्हणजे बागेत फिरणारा काटेरी अंगाचा छोटा प्राणी, अडकतो. रोज तपासा. चिकट पॅड मात्र विसरा: इंग्लंडमध्ये जुलै २०२४ च्या अखेरीपासून सामान्य माणसाने ते लावणं गुन्हा आहे, आणि त्यावर तासन्‌तास तडफडणारा जीव पाहता कायदा योग्यच वाटतो.

कबुतरांचं गणित असंच अन्नाचं. लंडनच्या ट्रफॅल्गर स्क्वेअरमध्ये आधी दाणे विकणं थांबलं, मग २००३ मध्ये चारण्यावरच बंदी आली आणि थवे ओसरले. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये पेटलेला वाद याच पक्ष्याचा आणि याच दाण्यांचा. नुसती कबुतरं मारून जागा रिकामी केली तर अन्न तेवढंच राहतं आणि नवी येऊन बसतात. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने सगळे रानपक्षी संरक्षित आहेत. कबुतरं मारायला सर्वसाधारण परवाना, म्हणजे वेगळा अर्ज न करता सगळ्यांना मिळणारी परवानगी, लागू होतो, पण आरोग्याला धोका किंवा गंभीर नुकसान अशा ठरावीक कारणांसाठीच. नुसती घाण होते म्हणून नाही. बाल्कनीला ५० मिलिमीटरची जाळी ताणून लावावी. सैल जाळीत पक्षी गुंततात. आत घरटं चालू नाही याची खात्री आधी करा, कारण कबुतरं वर्षभर अंडी घालतात आणि आत राहिलेली पिल्लं उपाशी मरतात. हेरिंग गलच्या, म्हणजे छपरांवर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या, वाटेला जाऊ नका. त्याच्यासाठी वेगळा परवाना लागतो.

करडी खार अमेरिकेतली. १८७६ मध्ये ती चेशरमध्ये सोडल्याची नोंद आहे. झाडांची साल सोलते, माळ्यावरच्या वायरी कुरतडते, आणि तिच्याकडचा विषाणू इथल्या तांबड्या खारींना मारतो. दयाळू माणसं तिला पिंजऱ्यात पकडून लांबच्या बागेत सोडतात. तो गुन्हा आहे. पकडलेली करडी खार सोडता येत नाही, आणि पाण्यात बुडवून मारणं हाही गुन्हाच. म्हणून पिंजरा लावण्याआधीच प्रशिक्षित माणसाला बोलवा. माळ्याचं भोक बुजवण्यापूर्वी आत पिल्लं नाहीत हे पाहा, नाहीतर बाहेर राहिलेली आई छप्पर कुरतडून नवी वाट करते.