न्हाणीघर व स्वच्छतागृह (पुणे)

अंघोळ, शौच आणि हातपाय धुणे यांसाठीची जागा. पुण्याच्या बोलीत या जागेला एकच एक नाव कधी नव्हते. वाड्यात अंघोळ न्हाणीत होई, भांडी आणि हातपाय मोरीवर धुतले जात, शौचाला 'परसाकडे' जावे लागे. हे सगळे एका दाराआड, तेही स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, ही कल्पनाच जुन्या माणसांना शिसारी आणणारी होती. आज तीच कामे चार बाय सात फुटांत उरकतात. पाटीवर 'स्वच्छतागृह' लिहिलेले असते आणि विचारणारा मात्र 'इथं मुतारी कुठंय?' असेच विचारतो.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १८ व्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. वाड्यांतले आड आणि हे हौद यांवर न्हाणीचे पाणी भागे. न्हाणी म्हणजे दगडी फरशी, एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ. बंबाच्या मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी. काही बंबांत वरून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम पाणी बाहेर पडत नसे, म्हणजे आपण घेतले तेवढे मागच्याने भरलेले असायचे. हे बंब कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडत. लाकडी हातोडीने आकार दिल्यावर तांबट पोलादी हातोडीने मठारकाम करतो. पत्र्यावर खवल्यांसारखे ठसे उमटतात ते निव्वळ शोभेसाठी नसतात, ठोक्यागणिक मऊ तांबे कडक होत जाते.

संडास वाड्याच्या अगदी मागे, टोपलीचे. मागच्या बोळातून सफाई कामगार येत आणि मैला डोक्यावरून वाहून नेत. हे काम ठरावीक जातींच्याच माथी मारलेले होते. त्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, अधिक व्यापक कायदा २०१३ चा. नक्षीदार दिंडी दरवाजाचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा तो बोळही पाहावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. त्यानंतरच्या वसाहती आणि अपार्टमेंटांत संडास घरात आला.

वस्त्यांमध्ये तो तसा आला नाही. १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना, स्पार्क, महिला मिलन यांसारख्या संस्थांच्या सहभागाने पुण्याच्या झोपडपट्ट्यांत ४०० हून अधिक सामुदायिक शौचालये बांधली गेली. त्यांतल्या अनेक ठिकाणी राखणदाराला राहायला खोली आणि लहान मुलांसाठी वेगळी, कमी आकाराची बैठी भांडी होती. मोठ्या भांड्यावर बसायला मूल घाबरते, ही गोष्ट आराखड्यात आली ती वस्तीतल्या बायकांमुळे. पुढे 'शेल्टर असोसिएट्स' या पुण्यातल्या संस्थेने घरोघरी शौचालयाचा आग्रह धरला : साहित्य संस्थेचे, बांधणीचा खर्च कुटुंबाचा.

फिरती शौचालये पुण्याला मुख्यतः गणपती, पालख्या आणि लग्नाची लॉन्स यांमुळे लागतात. साधी केबिन प्लॅस्टिक किंवा फायबरची, खाली टाकी, टाकीत दुर्गंधी दाबणारे निळे द्रावण. पाश्चात्त्य बांधणीची केबिन कागद वापरणाऱ्यांसाठी आखलेली. आपल्याकडे मग आणि नळ हवाच, त्यामुळे टाकी अंदाजापेक्षा फार लवकर भरते. मांडवाच्या मागे किती केबिनी उभ्या केल्या याचा हिशोब सगळे सांगतात. मैला खेचणारा टँकर दिवसातून किती वेळा येणार आणि गर्दीतून आत शिरणार कुठून, हे कोणी विचारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर केबिनीचे दार उघडवत नाही ते याच कारणाने.

पालख्यांच्या वेळी हा हिशोब आणखी अवघड होतो. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत उतरते. नंतर एक सासवडकडे, दुसरी लोणी काळभोरकडे निघते. केबिनींनाही दिंडीच्या पुढे पळावे लागते. 'निर्मल वारी' उपक्रमात मुक्कामाच्या गावी त्या आधीच मांडून ठेवतात. २०१६ च्या सुमारास पुण्यात पीएमपीच्या मोडीत निघालेल्या बसगाड्यांचे रूपांतर बायकांच्या स्वच्छतागृहांत झाले. नाव साधे, 'ती'.

आता घरातली लहान बाथरूम. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकत्र संडास-बाथरूम किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३० चौरस फूट, आणि रुंदी किमान १.२ मीटर असावी. एवढ्यात सगळे बसते, पण क्रम चुकला की रोज टोचते. दारातून आत जाताना आधी बेसिन, मग कमोड, शेवटी खिडकीखाली अंघोळ, असा क्रम बहुतेक वेळा बरा. ओले सगळ्यात आत राहते आणि चप्पल न भिजता हात धुता येतो. कमोडच्या मध्यापासून बाजूची भिंत निदान १५ इंच लांब हवी, समोर दोन फूट मोकळे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असेल तर आत कोणी पडले तरी मदतीला जाता येते; घरात आजी-आजोबा असतील तर टाइल्सच्या रंगाआधी हे ठरवावे.

गॅस गिझर मात्र बाथरूमच्या आत लावू नये. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. वाड्यातली न्हाणी बहुधा अर्धी उघडी असे, त्यामुळे बंबाचा धूर डोळ्यांत जाई, पण तो बाहेरही जाई.

खर्च टाइल्सवर होतो, भांडण ओलीवरून होते. फरशीला शंभरास एक ते ऐंशीस एक उतार लागतो; चार फुटांत जेमतेम अर्धा इंच. गवंड्याने तो उलट दिला की पाणी दारापाशी तुंबते आणि आयुष्यभर खराटा हाती येतो. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरत. तो एकदा पाणी पिऊ लागला की खालच्या मजल्याच्या छतावर पिवळे नकाशे उमटतात आणि सोसायटीच्या सभेला तासभराचा विषय मिळतो. म्हणून वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, जाळी बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवतात. मिस्त्री घाईत असला तरी हे सोडू नये.

त्या जाळीखालच्या भांड्याला स्थापत्याच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणीच ती, प्लंबरच्या तोंडी 'नानी' झालेली. तिच्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहते आणि तेवढेच गटाराची हवा व झुरळे अडवते. पाहुण्यांची बाथरूम वापरात नसली किंवा घर उन्हाळाभर बंद राहिले की हे पाणी उडून जाते. गावाहून परतल्यावर घरभर वास येतो, लोक प्लंबरला फोन लावतात. जाळीत तांब्याभर पाणी ओतले की काम होते.