साहेबांनी खोटं सांगून सही घेतली तर: चौकशीतले हक्क, अर्ज आणि कागदपत्रं

लोट्याच्या एमआयडीसीत माझा मावसभाऊ सात वर्षं कामाला होता. गोदामात ड्रम कमी भरले म्हणून एका संध्याकाळी शिफ्ट सुटताना त्याला ऑफिसात बोलावून घेतलं. "कॅमेऱ्यात तू दिसतोयस. तुझ्या जोडीदाराने सगळं सांगितलंय. सही कर, वॉर्निंगवर मिटवून टाकतो." गणपती चार दिवसांवर आले होते. त्याने सही केली. पुढे कळलं की त्या बाजूचा कॅमेरा महिनाभर बंदच होता, आणि जोडीदाराला तर कुणी काही विचारलंही नव्हतं. त्याच कागदाच्या जोरावर त्याला कामावरून काढलं. त्याच्यासोबत ऑफिसांच्या पायऱ्या चढताना जे समजलं ते इथे लिहितोय. दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत कारखान्यात, मासळीच्या कंपनीत, हॉटेलात काम करणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

आधी एक गैरसमज दूर करू. चौकशीत मॅनेजरने खोटं बोलू नये, असं थेट सांगणारं कलम आपल्याकडे नाही. त्यामुळे "साहेब खोटं बोलले" एवढ्यावर केस उभी राहत नाही. त्या खोट्यातून तुमच्याकडून काय काढून घेतलं, याला महत्त्व आहे. राजीनामा किंवा तडजोडीचा कागद फसवून लिहून घेतला असेल, तर 1872 च्या भारतीय करार कायद्यातलं कपट (कलम 17) आणि त्यामुळे करार रद्द करून घेण्याचा हक्क (कलम 19) यांचा आधार मिळतो. कबुलीजबाबाचं गणित वेगळं आहे. कंपनीच्या अंतर्गत चौकशीला पुराव्याचा कायदा कोर्टासारखा काटेकोर लागू होत नाही, म्हणून कबुली आपोआप बाद होत नाही. ती कोणत्या परिस्थितीत घेतली हे दाखवणं तुमच्यावर येतं.

म्हणून सगळ्यात मोलाचा कागद तुम्ही त्याच रात्री स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. केमिकलच्या प्लांटमध्ये मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, रेकॉर्डिंगचा प्रश्नच येत नाही. बाहेर पडलात की एसटी स्टॉपवर बसा आणि लिहून काढा: किती वाजता बोलावलं, खोलीत कोण कोण होतं, दार लावलं होतं का, कोण नेमकं काय म्हणालं, काय दाखवतो म्हणून दाखवलं नाही. त्याचा फोटो घरच्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळ नोंदली जाते. फोन जवळ असेल आणि बोलणं रेकॉर्ड झालं असेल, तर मूळ फोन जपून ठेवा. आर. एम. मलकानी प्रकरणात (1973) सर्वोच्च न्यायालयाने रेकॉर्ड केलेलं संभाषण पुरावा म्हणून मानलं. आवाज ओळखता यावा, विषयाशी संबंध असावा आणि छेडछाड झालेली नसावी, एवढं त्यासाठी लागतं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीला पत्र द्या. मजकूर साधा ठेवा: "दिनांक अमुक रोजी सायंकाळी मला ऑफिसात बोलावून माझ्याविरुद्ध कॅमेऱ्याचं चित्रण असल्याचं सांगण्यात आलं. ते मला दाखवलं नाही. वॉर्निंगवर मिटवू असं सांगून माझी सही घेतली. तो मजकूर माझा नाही आणि मी तो मागे घेत आहे. त्या कागदाची व चित्रणाची प्रत मला द्यावी." पत्र आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. राजीनामा लिहून घेतला असेल तर तो स्वीकारला जाण्याआधीच मागे घ्या, इथे एकेक दिवस मोलाचा आहे. सही करतानाच शंका आली, तर सहीखाली "मजकूर वाचून दाखवला नाही" किंवा "प्रत मिळाली नाही" असं मराठीत लिहा. आठवी शिकलेल्या माणसाच्या नावावर सफाईदार इंग्रजीतली कबुली असेल, तर ती त्याची नाही हे सांगायला तोच कागद कामी येतो.

सही करेपर्यंत खोलीतून सोडतच नसतील, तर हा विषय चौकशीच्या पलीकडे जातो. कुणालाही असं कोंडून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात होते.

चौकशी सुरू झाल्यावर काय मागायचं

लेखी आरोपपत्र, उत्तराला वेळ, कंपनीच्या साक्षीदारांची तुमच्यासमोर साक्ष, त्यांची उलटतपासणी, स्वतःचे साक्षीदार. "जोडीदाराने सांगितलंय" म्हणाले तर त्याला समोर बोलवा म्हणा. "चित्रण आहे" म्हणाले तर लावून दाखवा म्हणा. खोटं इथेच उघडं पडतं, म्हणून उलटतपासणी कधीही सोडू नका. रोजच्या कामकाजाची प्रत त्या-त्या दिवशीच घ्या. शिक्षा ठरण्याआधी चौकशी अहवालाची प्रत मिळायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने ईसीआयएल विरुद्ध बी. करुणाकर या निकालात 1993 मध्ये सांगितलं आहे. चौकशीला रागाने गैरहजर राहू नका. माझा भाऊ दोन तारखांना गेला नाही, आणि तेवढ्यात एकतर्फी कामकाज उरकलं गेलं.

निलंबित केलं असेल आणि आस्थापनेत 300 किंवा जास्त कामगार असतील, तर पहिले 90 दिवस 50 टक्के निर्वाह भत्ता मिळतो. पुढे तुमच्यामुळे उशीर झालेला नसेल तर 75 टक्के. लहान ठिकाणी नेमणूक पत्र वाचा: बिनपगारी निलंबनाची अट किंवा नियमच नसेल तर पूर्ण पगार मागता येतो.

अर्ज कोण करू शकतो, कुठे आणि किती दिवसांत

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 (कामगार आणि मालक यांच्यातल्या वादांचा कायदा) लागू झाली आहे. तिच्यात व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे 'कामगार' धरलेले नाहीत. सुपरवायझरचा पगार महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर तोही नाही. पदाचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता हे पाहिलं जातं. 'ऑफिसर' असं छापलेलं कार्ड दिलं आणि काम मात्र पॅकिंगचं, असं असेल तर हक्क सोडू नका. कंत्राटी असाल तर पगार कोण देतो ते पाहा आणि अर्जात ठेकेदार व मूळ कंपनी दोघांनाही सामील करा.

एकट्याला काढलं तरी तो औद्योगिक विवाद धरला जातो, युनियन लागत नाही. खासगी कारखाना किंवा हॉटेल असेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी) अर्ज द्या. रेल्वे आणि बँकांचे वाद केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातात, तेव्हा कोकण रेल्वेतल्या माणसाने राज्याच्या कार्यालयात हेलपाटे घालू नयेत. विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाचं कामकाज होत नाही. समेट झाला नाही तर समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जायचं. काढून टाकणं चुकीचं ठरलं तर न्यायाधिकरण कामावर परत घ्यायला सांगू शकतं किंवा शिक्षा कमी करू शकतं.

राज्याच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात तक्रारीची मुदत अवघी 90 दिवसांची आहे. खोट्या कारणासाठी काढणं आणि नैसर्गिक न्याय (म्हणजे आपली बाजू मांडायची नीट संधी) धाब्यावर बसवून चौकशी करणं, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत. म्हणून दोन वर्षं आहेत असं समजून थांबू नका. पहिल्या महिन्यातच वकिलाला कागद दाखवा. फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा: औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक 15100.

अर्जासोबत नेमणूक पत्र, ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पगार जमा झालेलं पासबुक, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक), हजेरीची नोंद, आलेल्या नोटिसा आणि तुमची उत्तरं, कबुली मागे घेतल्याचं पत्र व पोस्टाची पावती, त्या रात्रीचं टिपण, चौकशीचा रोजनामा, अहवाल आणि काढल्याचा आदेश यांच्या प्रती लावा. काही कागद कंपनीकडेच अडकलेले असतील तर ते मागितल्याचं पत्र लावा. नेमणूक पत्रच कधी दिलं नसेल तर पासबुक आणि पीएफची नोंद तेच काम करते. मूळ कागद कुणालाही देऊ नका, समेटाच्या तारखेला फक्त दाखवायला न्या.